तुबल लोहार

एका शुक्रवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास आमच्या टीममधल्या तिघांचे लॅपटॉप आपोआप लॉक झाले. त्याआधीची मीटिंग पाच मिनिटांची होती, तीही ऑनलाइन. मी वाचलो होतो. रात्री झोप येईना, म्हणून फार विचार न करता बघता येईल असा काहीतरी सिनेमा शोधला आणि २०१४ सालचा 'नोआ' लावला. डॅरेन अरोनॉफ्स्कीचा. जलप्रलय, तारू, रसेल क्रो वगैरे.

त्यातला खलनायक लक्षात राहिला. रे विन्स्टनने केलेला हा राजा शस्त्रं घडवतो, माणसं जमवतो, जंगलं ओरबाडतो आणि शेवटी तारवात चोरून शिरतो. नाव तुबल-काइन. रात्री दोन वाजता मी ते नाव फोनवर शोधलं. थोडं वाचल्यावर कळलं की बायबलमध्ये हा माणूस राजा नाही, खलनायक नाही आणि नोहाच्या गोष्टीत तर तो येतच नाही. हिब्रू परंपरेनुसार तो धातूकाम करणारा पहिला माणूस. आणि त्याच्या नावातला जो 'काइन' आहे, त्याच्याशी जुळणाऱ्या अरबी आणि अरामी शब्दांचा अर्थ आहे लोहार.

माझं आडनाव लोहार आहे. सिनेमा बंद केला आणि वाचतच बसलो. नंतरचे दोन-तीन आठवडे हेच चाललं होतं. मला हिब्रू येत नाही. शब्दकोश, भाष्यांची भाषांतरं आणि फोनवरचं मराठी बायबल, एवढ्या भांडवलावर हा उद्योग केला.

*

तुबल-काइनच्या वाट्याला अख्ख्या ग्रंथात जेमतेम एक ओळ आली आहे. उत्पत्तीच्या पुस्तकाचा ४ था अध्याय, २२ वी ओवी. त्या अध्यायाच्या सुरुवातीला काइन आपला भाऊ हाबेल याला शेतात मारतो. मग काइनाची वंशावळ सुरू होते आणि सातव्या पिढीला लामेख येतो तिथे थांबते, म्हणजे आदामापासून मोजलं तर सातव्या. (नोहाच्या बापाचं नावही लामेखच, पण तो वेगळा.) लामेखाला दोन बायका, आदा आणि सिल्ला. आदेला दोन मुलगे: याबाल, तंबूत राहून गुरं पाळणाऱ्यांचा मूळपुरुष, आणि युबाल, वीणा आणि बासरी वाजवणाऱ्यांचा मूळपुरुष. सिल्लेला तुबल-काइन, तांब्या-लोखंडाची सगळ्या तऱ्हेची हत्यारं घडवणारा. त्याला नामा नावाची बहीण. झालं. त्याचं लग्न नाही, मरण नाही, त्याच्या तोंडी एक शब्द नाही.

पण लगेच पुढच्या ओळीला त्याचा बाप बोलायला लागतो. लामेख दोन्ही बायकांना समोर बसवून फुशारकी मारतो: मला जखम केली म्हणून मी एका माणसाला मारलं, एका पोराला मारलं, काइनाचा सूड सातपट, तर माझा सत्त्याहत्तरपट. अभ्यासक याला 'तलवारीचं गाणं' म्हणतात. गंमत म्हणजे त्या गाण्यात तलवार कुठेच नाही. मागच्या ओळीत मुलगा लोखंड घडवतो आहे आणि या ओळीत बाप खून सांगतो आहे, म्हणून वाचणाऱ्याने मधे तलवार ठेवली.

एक गोष्ट मात्र मला या लोहाराच्या बाजूने सापडली. पहिला खून झाला तेव्हा लोहार जन्मालाच आला नव्हता. हाबेलाला काइनाने कशाने मारलं, दगडाने, लाकडाने की हाताने, हे ग्रंथ सांगतच नाही. हत्यार नंतर आलं, काही पिढ्यांनी. खून आधीच होता.

*

मराठी बायबलात 'हत्यारे' हा शब्द वाचून मी थबकलो होतो. 'हत्यार' हा आपला शब्द मोठा सोयीचा आहे. सुताराची पटाशी हत्यार, गवंड्याची थापी हत्यार, आणि पोलिसांनी विहिरीतून काढलं तेही हत्यार. शाळेत मला वाटायचं की हा शब्द 'हत्या'वरून आला असणार. तसं नाही. तो 'हात'वरून आलेला आहे. हातात धरायचं ते हत्यार. पण कानाला त्यात हत्या ऐकू येते, आणि एकदा ऐकू आली की जात नाही.

हिब्रूतही असंच काहीसं आहे. तुबल-काइनाच्या कामासाठी तिथे 'लोतेश' हा शब्द आहे. घडवणारा, धार लावणारा. हेच क्रियापद एका स्तोत्रात तलवार परजण्यासाठी येतं, आणि शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात नांगराच्या फाळाला धार लावण्यासाठी येतं. त्याच्या मालासाठी वापरलेला शब्द 'खोरेश'. त्याच्या मुळातून कारागिरीचेही शब्द निघतात आणि नांगरण्याचेही. म्हणजे मूळ ओळ वाचून त्याच्या हातात फाळ होता की तलवार, हे ठरवता येत नाही. सिनेमावाल्यांनी ठरवलं.

शमुवेलातला तो फाळाचा प्रसंग तर भारीच आहे. इस्राएली लोकांवर पलिष्ट्यांचा वचक होता तेव्हाची गोष्ट. पूर्ण इस्राएलात एकही लोहार नव्हता, कारण हे लोक तलवारी नि भाले करतील अशी पलिष्ट्यांना धास्ती. मग प्रत्येकाने आपला फाळ, कुदळ, कुऱ्हाड घेऊन पलिष्ट्यांकडे जायचं आणि धार लावून आणायची. आज अमुक देशाला तमुक चिप विकायची नाही असे नियम असतात, तसलाच प्रकार. या धार लावण्याचा दर तिथे दिला आहे: एक 'पीम'. हा शब्द कुठेच दुसरीकडे येत नसल्याने शतकानुशतकं कोणाला त्याचा अर्थ लागत नव्हता. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात तर तिथे चक्क 'कानस' घातली आहे. पुढे उत्खननात छोटी दगडी वजनं सापडली, त्यांच्यावर हीच अक्षरं कोरलेली. साधारण पावणेआठ ग्रॅम, म्हणजे शेकेलाचा दोन-तृतीयांश. तो दर होता. एका लोहाराची मजुरी, कित्येक शतकं कानस बनून बसली होती.

आमच्या तात्यांचा दर पायलीत होता.

*

तात्या म्हणजे माझे आजोबा. सांगली जिल्ह्यातल्या एका लहान गावात त्यांचा भाता होता. पूर्वी बलुतं, नंतर रोख, पण काही घरं शेवटपर्यंत सुगीला ज्वारीच घालायची. खुरपी, विळे, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ. आणि उसाचा हंगाम आला की कोयते. ऐरणीवर कोयता तयार झाला, पाणी दिलं, की मुठीजवळ ते पोगराने दोन टिंबं मारायचे. हा माल तात्यांचा, एवढंच त्याचं प्रयोजन. कोणी म्हणालं की कोयता लवकर बोथटला, तर आधी टिंबं बघायचे.

मी जन्मायच्या बऱ्याच आधी गावात बांधावरून मारामारी झाली आणि त्यात एक माणूस गेला. दोन दिवसांनी फौजदार भात्यावर आले. फडक्यात गुंडाळलेला कोयता त्यांनी उघडून दाखवला. टिंबं होती. तात्यांना विचारलं, हा तुमचा का? तात्या म्हणाले, "व्हय, माझाच." पुढे कोर्टातही तेवढंच विचारलं आणि तेवढंच सांगितलं. त्यांच्यावर कोणाचा काही आरोप नव्हता. फौजदारांनी चहाही घेतला म्हणतात.

पुढच्या पेरणीला मेलेल्या माणसाचा भाऊ फाळ घेऊन भात्यावर आला. दुसरीकडे कुठे जाणार? आसपासच्या तीन गावांत लोहार एकच. तात्यांनी फाळ करून दिला. त्या वर्षी त्या घरची ज्वारी त्यांनी घेतली नाही. आणि त्या वर्षीपासून टिंबं मारायचं बंद केलं.

हे मला वडिलांनी सांगितलं. बारावीच्या सुट्टीत मी तात्यांनाच विचारलं, टिंबं का बंद केली? ते बराच वेळ विडी विझवत बसले. मग म्हणाले, "धार मी लावली हुती ना." मी म्हटलं, "पण तात्या, मारलं त्यानं. तुम्ही काय केलं?" ते म्हणाले, "ते कोर्टाला बी ठावं हाय, बाळा."

मला तेव्हा वाटलं होतं की तात्या किती हळवे. इंजिनिअरिंगला गेल्यावर, चार बुकं शिकल्यावर, उलट वाटायला लागलं: टिंबं पुसणं म्हणजे जबाबदारी झटकणं नाही का? कोयते तर ते करतच राहिले. फक्त कोणाचे ते कळू नये अशी व्यवस्था केली. हे मी त्यांना बोललो नाही, बरं झालं. २०१६ साली तात्या गेले.

*

आता नावाकडे येतो, कारण खरा गुंता तिथेच आहे.

याबाल, युबाल, तुबल. तीन भावांची नावं एका तालात आहेत. हिब्रूत 'वाहून नेणे, आणणे' अशा अर्थाचं एक मूळ आहे, त्याच्याशी तिन्ही नावं जोडली जातात. एक गुरं नेणारा. एकाच्या नावात मेंढ्याच्या शिंगाच्या तुतारीचा, 'योवेल'चा, आवाज. तिसरं त्यांच्या यमकात बसणारं. हा एक अंदाज.

दुसरा अंदाज भूगोलाचा. इसवी सनापूर्वी नवव्या-आठव्या शतकांतल्या असिरियन लेखांत 'तबाल' नावाचा प्रदेश येतो, आजच्या तुर्कस्तानच्या मध्यभागी. बायबलही 'तुबल' हे एका लोकसमूहाचं नाव म्हणून ओळखतं. यहेज्केलाच्या पुस्तकात हे लोक सोर नावाच्या, आजच्या लेबनॉनमधल्या, बंदराशी व्यापार करतात. माल काय? तांब्याची भांडी आणि माणसं. दोन्ही एकाच वाक्यात, एकाच यादीत. तेव्हा पहिल्या धातुकाम्याचं नाव धातूसाठी माहीत असलेल्या मुलखावरून पडलं असेल, हे पटण्यासारखं आहे. आपल्याकडे नाही का, कोल्हापुरी म्हटलं की चप्पल.

आणि 'काइन'? ग्रंथात हव्वा पहिल्या मुलाचं नाव ठेवताना 'मिळवणे' या अर्थाच्या क्रियापदावर कोटी करते: देवाच्या साहाय्याने मला पुरुष मिळाला. ही कोटीच, व्युत्पत्ती नव्हे. शेजारच्या भाषांत मात्र अर्थ सरळ आहे. अरबीत 'कैन' म्हणजे लोहार, अरामीतही तसाच शब्द. खुद्द हिब्रूत हा शब्द एकदा भाल्यासाठी आला आहे, ३०० शेकेल वजनाचा भाला बाळगणाऱ्या एका पलिष्टी वीराच्या संदर्भात. आणखी एक धागा म्हणजे केनी नावाची जमात. तिचं नाव याच शब्दावरून. केनी हे फिरते लोहार असावेत असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं, जरी ग्रंथ तसं स्पष्ट म्हणत नाही. याच जमातीतल्या हेबेरची बायको याएल. लढाईतून पळून आलेल्या सेनापतीला ती तंबूत आसरा देते, दूध पाजते, अंगावर पांघरूण घालते आणि तो झोपल्यावर तंबूची मेख हातोड्याने त्याच्या कानशिलात ठोकते. मेख आणि हातोडा. घरातली रोजची हत्यारं.

तर 'तुबल-काइन' याचा सरळ अर्थ 'तुबल लोहार' होऊ शकतो. नाव आणि आडनाव, माझ्यासारखं. पण हिब्रू वाचणाऱ्याच्या कानाला त्यात पहिला खुनी ऐकू येणारच. लोहार आणि खुनी, दोघांसाठी एकच शब्द. 'हत्यार'मध्ये हत्या ऐकू येते तसंच.

याहून मजेची गोष्ट पुढे आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमारास ज्यूंनी आपला ग्रंथ ग्रीकमध्ये नेला. त्या ग्रीक पाठात या माणसाचं नाव नुसतं 'थोबेल' आहे. काइन नाही. काही अभ्यासकांना वाटतं की 'काइन' हा मुळात धंदा सांगायला मागाहून जोडलेला शब्द असावा आणि ग्रीक पाठाने जुनं रूप जपलं असावं. बाकीच्यांना वाटतं, तो ग्रीकमध्ये गळला. जोडला की गळला, माझ्यापुरता प्रश्न तोच होता जो तात्यांच्या टिंबांचा होता. हत्यारावर नाव असावं की नसावं?

*

पुढच्या वाचकांनी तुबल-काइनाला सोडलं नाही. अकराव्या शतकात फ्रान्समधल्या त्र्वा गावी राशी नावाचा मोठा ज्यू भाष्यकार होऊन गेला. (ज्योतिषातली रास नव्हे, त्याच्या नावाच्या आद्याक्षरांचं ते रूप आहे.) जुन्या मिद्राशचा आधार घेऊन तो 'तुबल'चा संबंध 'तवलीन', म्हणजे मसाला, याच्याशी लावतो. याने काइनाच्या धंद्याला मसाला लावला, तो धंदा रुचकर केला, खुन्यांसाठी शस्त्रं करून दिली. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही व्युत्पत्ती टिकत नाही. पण लोक लोहाराबद्दल काय बोलत होते ते तिच्यातून कळतं.

लगेच पुढे राशी एक गोष्ट सांगतो. लामेख आंधळा होता. तुबल-काइन त्याचा हात धरून त्याला न्यायचा. एकदा समोर काहीतरी हललं. मुलाला वाटलं जनावर आहे. तो बापाला म्हणाला, धनुष्य ओढ. बापाने बाण सोडला. जवळ जाऊन बघतात तर ते जनावर नव्हतं, काइन होता, त्यांचा पूर्वज. दुःखाने लामेखाने दोन हात एकमेकांवर आपटले, आणि त्या दोन हातांच्या मध्ये मुलगा सापडून मेला.

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऑफिसच्या बसमध्ये वाचली, फोनवर. वाचून झाल्यावर स्क्रीन बंद केली आणि हिंजवडीचा पूल येईपर्यंत काचेबाहेर बघत बसलो. कारण इथे तुबल-काइनाने काही घडवलेलं नाही. तलवार नाही, बाणसुद्धा त्याने सोडलेला नाही. ज्याला दिसत नाही, त्याला त्याने फक्त दाखवलं: तिकडे.

*

आता माझं. दोन वर्षांपूर्वी मी ऑफिसात एक छोटं टूल लिहिलं होतं. कोणीही सांगितलं नव्हतं. आमच्या टीमचं काम कुठे अडतं ते कळावं म्हणून. कोणाचं तिकीट किती दिवस पडून आहे, रिव्ह्यू कोणाकडे तुंबलाय, असल्या गोष्टी गोळा करून ते प्रत्येकापुढे एक आकडा काढायचं. आकडा कमी आला की आम्ही त्या माणसाला विचारायचो, काही मदत हवी का? छान चाललं होतं. मॅनेजरला आवडलं. त्याने वर दाखवलं. वरच्यांना आवडलं. मला एक सर्टिफिकेट आणि मग मिळाला.

त्या शुक्रवारच्या तिघांची नावं कुठून आली, हे मला कोणी अधिकृतपणे सांगितलं नाही. पण सोमवारी मी तो जुना डॅशबोर्ड उघडला आणि आकड्यांनुसार चढत्या क्रमाने लावला. पहिली तीन नावं तीच होती.

त्यातला एक माझा मित्र. त्याच्या आईची वर्षभर केमो चालू होती. तो रात्री अकराला बसून कोड लिहायचा, आणि माझं टूल सकाळी नऊ ते संध्याकाळी सातमधलं काम जास्त वजनाने मोजायचं. का? कारण तेव्हा मला तसं लिहिणं सोपं पडलं होतं. आंधळ्याला माझ्या टूलने जनावर दाखवलं.

आमच्या धंद्यात एक कमांड आहे, 'गिट ब्लेम'. कोडची कुठलीही ओळ कोणी, कधी लिहिली ते दाखवते. नावातच दोष आहे. मी ती चालवली. जवळपास प्रत्येक ओळीपुढे माझं नाव. तात्यांची दोन टिंबं.

मी ते पुसू शकतो का? तांत्रिकदृष्ट्या, हो. इतिहास बदलून टाकता येतो, नाव काढता येतं. दहा मिनिटांचं काम. त्या रात्री मला तात्यांबद्दलचं माझं जुनं मत आठवलं आणि लाज वाटली. बाहेरून बघताना 'जबाबदारी झटकणं' म्हणायला काही लागत नाही.

ज्यूंच्या धर्मशास्त्रात वेदीच्या दगडांना लोखंड लागू द्यायचं नाही असा दंडक आहे. मिश्नात कारण दिलंय: लोखंड माणसाचं आयुष्य तोडायला, वेदी ते वाढवायला, तोडणाऱ्याने वाढवणारीला हात लावू नये. आमच्या घरी बरोबर उलटं. खंडेनवमीला तात्या ऐरण धुऊन तिला हळद-कुंकू लावायचे, घणाला फूल वाहायचे. ऑफिसातही आम्ही दसऱ्याला लॅपटॉपपुढे झेंडू ठेवतो आणि फोटो काढतो. इतके दिवस मला आपलीच पद्धत बरी वाटायची. आता वाटतं, दोन्ही पद्धतींमागे भीती एकच असावी. कोणी लोखंडाला लांब ठेवलं, कोणी त्याच्या पाया पडलं.

गेल्या आठवड्यात एक नवं तिकीट माझ्या नावावर आलं. टूलची पुढची आवृत्ती. आकडा 'आणखी अचूक' करायचा आहे, इतर टीमनाही लावायचा आहे. म्हणजे धार लावून द्यायची आहे. मी खाली कमेंट लिहिली: हे कशासाठी वापरणार आहात, ते इथे लिहून मिळेल का? आणि माणसांची क्रमवारी लावण्यासाठी असेल तर मी करणार नाही. चार दिवस झाले, उत्तर नाही. मी केलं नाही तर दुसरा कोणीतरी करेल, हे मला माहीत आहे. आमच्या पंचक्रोशीत लोहार एकच नाही.

ती कमेंट टाकल्यावर मी मित्राला फोन केला. शुक्रवारनंतर पहिल्यांदाच. आईची चौकशी केली. नव्या नोकरीचं विचारलं. एका ठिकाणी दुसरी फेरी झाली होती. मग म्हटलं, "ते आकड्यांचं टूल... ते मी लिहिलं होतं."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मागे त्याच्या घरचा कुकर वाजत होता.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "मीच तर रिव्ह्यू केलं होतं. माझं अप्रूव्हल आहे त्यावर. बघ की."